घरच्या मिरचीचे घरचे बी

मीठ आणि मिरची यांच्यावाचून महाराष्ट्रातील कोणत्याही घरचा स्वयंपाक पुरा होत नाही. मीठ विकत घ्यावे लागते. मिरची मात्र परसात पिकते. न्हाणीघरामागील चार हात जागा, शेणखताच्या दोन पाट्या आणि सकाळ-संध्याकाळची थोडी देखरेख एवढ्यावर आठ-दहा झाडे उत्तम पोसतात व एका कुटुंबाची हिरव्या मिरचीची गरज बऱ्याच अंशी भागवितात. परंतु झाडे वाढविणे हे या कामाचे अर्धेच अंग होय. उरलेले अर्धे अंग म्हणजे पुढील वर्षासाठी त्याच गुणाचे बी राखणे. अनेक घरी नेमके हेच अंग दुर्लक्षित राहते.

मिरची हे पीक मूळचे अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर ते भारतात आले. त्यापूर्वी आपल्याकडे तिखटपणासाठी मिरी वापरीत, आणि मिरची या नावाचे नातेही त्या मिरीशीच आहे. पाचशे वर्षांच्या आत या परक्या पिकाने येथे गावोगावची नावे धारण केली. नागपूर जिल्ह्यातील भिवापूरची भिवापुरी, संकेश्वरच्या नावाने ओळखली जाणारी व गडहिंग्लज भागात पिकणारी संकेश्वरी, कमी तिखट पण गडद लाल रंगाची कर्नाटकातील ब्याडगी हे वाण शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून ठेवलेल्या बियांतून टिकले. ब्याडगीस २०११ साली भौगोलिक मानांकन लाभले. ज्या घरात बी राखण्याची रीत मोडते, त्या घरातून असा वाण एक-दोन हंगामांतच नाहीसा होतो, आणि मग तो कोणत्याही दुकानात मागून मिळत नाही.

रोपे आणि लागवड

मिरचीस दिवसातून निदान सहा तास ऊन मिळेल अशी, पाण्याचा निचरा होणारी जागा निवडावी. पाणी साचले की मुळे कुजतात. गेल्या वर्षी जेथे वांगी, टोमॅटो, बटाटा किंवा मिरचीच होती, ती जागा टाळावी. ही सारी पिके एकाच कुळातील असल्याने त्यांचे रोगही बरेचसे समान असतात. जागा नसल्यास तळाशी भोके पाडलेले तेलाचे जुने डबे किंवा फूटभर खोलीच्या कुंड्याही चालतात. साबणाचे सांडपाणी झाडांस घालू नये.

खरीप लागवडीसाठी मे-जूनमध्ये बी टाकावे. वाफा जमिनीपासून सुमारे १५ सेंटिमीटर उंच असावा. बी ओळीत, एक सेंटिमीटर खोल व विरळ पेरावे. दाट पेरणी व अतिओल यांमुळे कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. पेरण्यापूर्वी दर किलो बियांस ५ ग्रॅम या प्रमाणात ट्रायकोडर्मा चोळल्यास या रोगास आळा बसतो. घरच्या चिमूटभर बियांस त्याची नुसती धूळ लागली तरी पुरे. पाच-सहा आठवड्यांची, बोटभर उंचीची जोमदार रोपे दोन-दोन फुटांवर लावावीत.

पाने वरच्या बाजूस वळून होडीसारखी दिसू लागली तर फुलकिड्यांचा, आणि खालच्या बाजूस वळली तर कोळ्यांचा उपद्रव समजावा. यालाच शेतकरी बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतात. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, त्यात थोडा साबणाचा चुरा मिसळावा व दर आठ-दहा दिवसांनी फवारावे. विषाणूने गुच्छासारखी झालेली झाडे मात्र उपटून नष्ट करावीत. तंबाखू मळलेल्या हातांनी रोपांस स्पर्श करू नये. तंबाखूवरील एक विषाणू अशा हातांमार्फत मिरचीवर जातो; म्हणून आधी हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

बी का फिरते?

“पहिली दोन वर्षे मिरची चांगली आली, मग बी फिरले,” अशी तक्रार खेडोपाडी ऐकू येते. कोणी जमिनीस दोष देतो, कोणी पाण्यास. वास्तविक कारण फुलात असते. मिरचीच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात, त्यामुळे पुष्कळशी फळे स्वतःच्याच परागाने धरतात. परंतु मधमाश्या व इतर कीटक एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडावर नेतात आणि काही फुलांत परकी धारणा होते. शेजारच्या परसात ढोबळी मिरची असेल व आपल्या परसात लवंगी असेल, तर दोहोंचा संकर होऊ शकतो.

हा संकर त्या वर्षी डोळ्यांस दिसत नाही, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावयास हवी. फळाची साल, गर व आतील पांढरी शीर ही सारी मातेच्या झाडाची अंगे होत. त्यामुळे फळ नेहमीसारखेच दिसते व नेहमीइतकेच तिखट लागते. परकेपणा केवळ बियांत दडलेला असतो आणि ते बी पेरल्यावर पुढील वर्षी उघड होतो. म्हणून उत्तम दिसणाऱ्या फळाचे बी उत्तमच असेल, असे केवळ फळ पाहून म्हणता येत नाही. ते फळ कोणत्या फुलापासून व कोणत्या परागाने धरले, हे राखणाऱ्यास ठाऊक असले पाहिजे.

दुसरी चूक निवडीची होय. चांगल्या मिरच्या बाजारात किंवा स्वयंपाकात जातात, आणि हंगामाच्या अखेरीस रोगट झाडांवर राहिलेली खुजी फळे बियाण्यास ठेवली जातात. फळकुजीची बुरशी बियांबरोबर पुढील हंगामात जाते. अशा रीतीने शेतकरी दरवर्षी अजाणता आपल्याच पिकातील हलके ते निवडीत जातो.

निवड उभ्या झाडावर

बियाण्याची निवड मिरचीच्या टोपलीतून न करता उभ्या झाडांतून करावी. झाडे फुलांवर येऊ लागली की त्यांतील निरोगी, भरपूर फांद्यांची, पाने न मुरडलेली झाडे हेरून त्यांस रंगीत चिंधी बांधावी. पहिल्या फळांचा आकार, रंग व तिखटपणा वाणाबरहुकूम आहे की नाही हे पाहून त्यांतून पुन्हा गाळणी करावी. एकाच झाडाचे बी न ठेवता किमान पाच-सहा झाडांचे ठेवावे, म्हणजे वाणाचा जोम टिकतो.

मिरचीच्या प्रमाणित बीजोत्पादनात दोन वाणांत २०० मीटर व पायाभूत बीजोत्पादनात ४०० मीटर अंतर राखण्याचा दंडक आहे. गावठाणात घराला घर लागून असते. तेथे एवढे अंतर मिळणे कठीण. त्यावर दोन उपाय आहेत. पहिला, एका आळीतील सर्व घरांनी विचारविनिमय करून एकच वाण लावावा. दुसरा, फुलांस पिशवी बांधावी. निवडलेल्या झाडाच्या एका फांदीवरील उमललेली फुले व धरलेली फळे काढून टाकावीत. केवळ मिटलेल्या कळ्या ठेवून त्यांवर जुन्या मलमलीची पिशवी चढवावी व तोंड दोऱ्याने सैल बांधावे. सकाळी फांदीस हलकीशी टिचकी मारावी, म्हणजे आतल्या आत पराग पडतो. फळे वाटाण्याएवढी झाली व पिशवीतील सर्व फुले गळून गेली की पिशवी काढावी आणि त्या फळांच्या देठांस लाल दोरा बांधावा. घरातील कोणीही तो दोरा असलेली मिरची भाजीत घालणार नाही, अशी सक्त ताकीद मात्र द्यावी लागते.

बी काढणे व वाळविणे

फळ झाडावरच पूर्ण लाल होऊन किंचित सुरकुतू द्यावे. हिरव्या किंवा अर्धवट पिकल्या फळाचे बी कमकुवत राहते. हंगाम भरात असतानाच्या तोड्यांतील फळे घ्यावीत. डाग पडलेले, किडलेले फळ दोरा बांधलेले असले तरी वगळावे.

तोडलेली फळे तीन-चार दिवस सावलीत ठेवून मग चिरावीत व बी वेगळे करावे. मिरचीचा तिखटपणा मुख्यतः आतील पांढऱ्या शिरेत असतो, आणि बी त्याच शिरेस चिकटलेले असते. म्हणून हातांस आधी खोबरेल चोळावे किंवा हातमोजे घालावेत. नंतर हात साबणाने धुवावेत. तोवर डोळ्यांस हात लावू नये व लहान मुलांस जवळ येऊ देऊ नये.

बी कागदावर किंवा कापडावर पातळ पसरून हवेशीर सावलीत वाळवावे. पत्र्यावर किंवा भर दुपारच्या उन्हात ठेवल्यास त्यातील अंकुर मरतो. वाळलेले बी वाकविल्यास लवचीकपणे वाकत नाही, तटकन मोडते. ही घरगुती कसोटी पुरेशी आहे.

साठवण आणि परीक्षा

साठवणीतील बियांचे मोठे शत्रू दोन, ओलावा व उष्णता. बियांतील ओलावा एक टक्क्याने कमी झाला की त्यांचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा बीजशास्त्रातील ढोबळ नियम आहे. प्रमाणित मिरची बियाण्यात ओलावा ८ टक्क्यांहून अधिक असता कामा नये. हवाबंद डब्यात भरावयाचे असल्यास ६ टक्के. घरी घट्ट झाकणाची काचेची बाटली घ्यावी. तळाशी ताज्या भाजलेल्या, पूर्ण निवलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवावी, म्हणजे ती ओलावा शोषून घेते. वाणाचे नाव व वर्ष चिठ्ठीवर लिहावे. बाटली चुलीपासून दूर, अंधाऱ्या थंड कोपऱ्यात ठेवावी. असे बी दोन-तीन वर्षे चांगले उगवते.

पेरणीच्या तीन आठवडे आधी ५० बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळाव्यात व फडके सतत दमट ठेवावे. चौदाव्या दिवशी उगवलेल्या बिया मोजाव्यात. प्रमाणित बियाण्यास किमान ६० टक्के उगवण लागते. म्हणजे ५० पैकी ३० बिया उगवल्या तर बी पेरण्याजोगे आहे. त्याहून कमी उगवल्या तर दाट पेरण्याऐवजी शेजाऱ्याकडून त्याच वाणाचे बी मागून घेणे श्रेयस्कर.

संकरित बी आणि शेतकऱ्याचा हक्क

संकरित वाणाचे बी घरी राखण्यात अर्थ नाही. त्या वाणाचे गुण पहिल्या पिढीपुरते एकवटलेले असतात. दुसऱ्या पिढीत ते विखुरतात व झाडे नाना तऱ्हेची निघतात. असे बी दरवर्षी नवे घ्यावे लागते. देशी व सुधारित सरळ वाणांचे तसे नाही. त्यांचे बी वर सांगितलेली काळजी घेतल्यास वर्षानुवर्षे राखता येते. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ अन्वये शेतकऱ्यास आपल्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा व विकण्याचाही हक्क आहे. संरक्षित वाणाचे बी छापील नावाच्या पाकिटात भरून विकण्यास मात्र मनाई आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचे बी जतन करून इतरांस वाटले. त्याबद्दल त्यांस २०२० साली पद्मश्री किताब लाभला. बीजरक्षणाचे काम माजघरातूनही उभे राहू शकते, हे त्यावरून दिसते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या हंगामात आपल्या गावी एवढे तरी करावे. गावात कोणते जुने वाण कोणाच्या परसात आहेत त्याची यादी करावी. महिला बचत गटाच्या बैठकीत पिशवी बांधण्याचे प्रात्यक्षिक द्यावे. आणि प्रत्येक वाणाचे बी निदान तीन घरी राहील अशी व्यवस्था करावी. एका घरची बाटली उंदराने फोडली किंवा एका परसात रोग पडला, तरी उरलेल्या दोन घरी तो वाण सुरक्षित राहील.