डोंबिवलीचे मतदान आणि आपण

बहारीनमध्ये दोन मराठी माणसे भेटली की एक प्रश्न ठरलेला असतो, "तिकडे घर कुठे?" उत्तर पुष्कळदा ठाणे, कल्याण, नाहीतर डोंबिवली. निवडणुका आल्या की कोण येणार, कोण पडणार यावर मध्यरात्रीपर्यंत वाद रंगतात. मग मतदानाचा आकडा कळतो आणि आपण हळहळतो : शिकल्यासवरल्या लोकांचे गाव, आणि मतदान एवढे कमी! या हळहळीचा जरा हिशेब मांडून पाहू.

डोंबिवली ज्यात येते त्या कल्याण लोकसभा मतदारसंघात २००९ साली सुमारे ३४ टक्के मतदान झाले, २०१४ साली ४३, २०१९ साली ४५ आणि २०२४ साली ५० टक्के. त्याच २०२४ साली गडचिरोली-चिमूरमध्ये मात्र जवळजवळ ७२ टक्के मतदान झाले.

मग डोंबिवलीकराला राजकारणाचे वावडे आहे का? मुळीच नाही. उलट इथला कल जुना आणि पक्का. पूर्वीच्या ठाणे मतदारसंघातून जनसंघाच्या परंपरेतले रामभाऊ म्हाळगी १९७७ आणि १९८० साली निवडून आले, भाजपचे राम कापसे १९८९ आणि १९९१ साली. १९९६ मध्ये ती जागा शिवसेनेकडे गेली. डोंबिवली विधानसभेत २००९ पासून चारही वेळा भाजपचे रवींद्र चव्हाणच विजयी झाले. कल असा पक्का असला की 'आपलाच येणार आहे' म्हणून एक जण घरी बसतो आणि 'माझ्या एका मताने काय होणार' म्हणून दुसरा.

दुसरे कारण कॅलेंडरात सापडते. २००९ मध्ये लोकसभेचे मतदान ३० एप्रिलला, गुरुवारी होते. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन, पुढे शनिवार-रविवार. रोज लोकलला लोंबकळणाऱ्या चाकरमान्याला गावी जायला एवढे पुरे. २०२४ ची विधानसभा निवडणूक आयोगाने मुद्दाम बुधवारी ठेवली. २०१९ च्या सोमवारी डोंबिवलीत सुमारे ४१ टक्के मतदान झाले होते, ते या वेळी ५६ पर्यंत गेले. राज्यभरच मतदान वाढले होते, तेव्हा सगळे श्रेय बुधवारला देता येणार नाही. पण राज्यातली वाढ पाचएक टक्क्यांची होती, डोंबिवलीतली पंधराएक टक्क्यांची.

तिसरे कारण आपल्या जिव्हाळ्याचे आहे. टक्केवारी काढताना झालेल्या मतांना यादीतल्या नावांनी भागतात. बदलापूरला राहायला गेलेला, लग्न होऊन सासरी गेलेली, स्वर्गवासी झालेला, अशी कितीतरी नावे यादीत तशीच राहतात. आणि आखातात नोकरीला आलेल्यांचीही! ज्या न आलेल्या मतदाराच्या नावाने आपण बोटे मोडतो, तो कदाचित आपणच असतो.

अमेरिकेतल्या आपल्या भावंडांनी तिथले नागरिकत्व घेतले की त्यांचा इथला मताधिकार संपतो. आपल्यापैकी बहुतेकांकडे भारतीय पासपोर्ट आहे, म्हणजे हक्कही आहे. २०१० च्या कायदादुरुस्तीने परदेशस्थ भारतीयांना मतदार म्हणून नोंदणी करता येते. त्यासाठी अर्ज क्रमांक ६-अ भरायचा, पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्याच्या मतदारसंघात. जुन्या, सर्वसाधारण यादीतले नाव मात्र वगळावे लागते. दोन्हीकडे राहता येत नाही. मतदानाला मूळ पासपोर्ट घेऊन केंद्रावर स्वतः जावे लागते. टपाली मताची सूचना आयोगाने २०२० मध्ये सरकारला केली होती, पण २०२४ च्या लोकसभेलाही ती सोय नव्हती.

अडचण खरी आहे. २०२४ च्या लोकसभेला देशभरात सुमारे १ लाख १९ हजार परदेशस्थ मतदार नोंदलेले होते, त्यांपैकी जेमतेम तीन हजारांनी मतदान केले आणि त्यांत बहुतेक केरळचे. महाराष्ट्राचे नोंदलेले होते ५,०९७. मतदान केले १७ जणांनी.

सगळ्यांनी विमानाचे तिकीट काढावे, असे सांगणे सोपे आहे. रजा आणि खिसा दोन्ही आपले आपल्याला ठाऊक. पण एवढे तरी या सुट्टीत घरी गेल्यावर करता येईल : यादीत आपले नाव कुठे आणि कसे आहे ते पाहावे, चुकीचे असेल तर दुरुस्त करून घ्यावे. आईवडिलांचे केंद्र बदलले आहे का, तेही बघावे आणि मतदानाच्या दिवशी त्यांना रिक्षा मिळेल अशी शेजाऱ्याकडे सोय लावून ठेवावी. मग गप्पांत डोंबिवलीला नावे ठेवायला आपण मोकळे!