व्हॉल्व्हचा गिटार ॲम्प: वायरिंग कशी?

गिटारचा ॲम्प व्हॉल्व्हवर करायचाय? मग नगरकडे कुणाच्या माळ्यावर जुना व्हॉल्व्ह रेडिओ असेल, तो आधी उलटा करून बघा. बहुतेकांत पीसीबी नसतोच. पार्ट थेट सॉकेट आणि टॅग स्ट्रिपवर सोल्डर केलेले. ईसीसी८३-ईएल८४ च्या छोट्या ॲम्पला मला हीच पद्धत पटते. पीसीबीवर पार्ट सारखे बदलले की ट्रॅक उखडतात, आणि टोनसाठी आपण दहादा बदलणार!

लेआउटमध्ये मात्र आळस नको. इनपुट जॅक एका टोकाला, मेन्स ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या; नाहीतर गिटारऐवजी ५० हर्ट्झची घरघर ऐकत बसाल. हीटरच्या दोन वायरींना पीळ द्या, म्हणजे त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना मारतात.

प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट डीसी राहू शकतं. जीव जाईल. त्याला समांतर २२० किलोओहम, २ वॉटचा ब्लीडर लावा; मीटरवर शून्य दिसेपर्यंत आत हात घालायचा नाही.