ठरवून न ठरवलेला प्रवास

पाठीवर एकच सॅक घेऊन, एकट्याने, महिनोन्‌महिने आणि उद्याचा मुक्काम आज रात्रीपर्यंत न ठरवता युरोपभर हिंडण्याची जी पद्धत बॅकपॅकिंग या नावाने रूढ झाली आहे, तिचे वर्णन बहुधा मोकळेपणाच्या भाषेत केले जाते. प्रवाशाने बेत आखलेला नसतो हे खरेच. परंतु तो त्याच्यासाठी दुसऱ्या कोणीतरी, पुष्कळदा त्याच्या जन्माआधी, बारकाईने आखून ठेवलेला असतो, ही बाजू त्या वर्णनात सहसा येत नाही. गावोगावी स्वस्त खाट, वेळेवर सुटणारी गाडी आणि न अडवणारी सीमा या तीन गोष्टी जिथे नसतात, तिथे बेताशिवाय निघालेला माणूस हिंडत नाही, अडकून पडतो.

या भटकंतीचे एक जुने रूप जर्मन भाषक प्रदेशात अजूनही टिकून आहे. सुतार, गवंडी, छप्पर घालणारे अशा धंद्यांत उमेदवारी पूर्ण केलेला तरुण कारागीर तिथे ‘वाल्झ’ला, म्हणजे काम शोधत करायच्या फिरतीला निघतो. ही फिरती किमान तीन वर्षे आणि एक दिवस चालते. निघणाऱ्याचे वय सामान्यतः तिशीच्या आत असावे, त्याचे लग्न झालेले नसावे, त्याच्या डोक्यावर कर्ज नसावे आणि फिरतीच्या काळात त्याने आपल्या गावाच्या ५० किलोमीटरच्या परिघात पाऊल ठेवू नये, असा दंडक आहे. काळी टोपी, घोळदार पायांची कॉर्डरॉयची विजार आणि हातात पीळ पडलेली काठी या वेषावरून तो दुरूनही ओळखू येतो; प्रवासावर आणि मुक्कामावर शक्यतो पैसे खर्चायचे नाहीत, वाटेत गाडीवाल्याला हात करायचा आणि मिळेल तिथे काम करून राहायचे, ही त्याची रीत. उद्या कोठे असेन हे त्याला माहीत नसते, पण कसे वागायचे हे मात्र अगदी पक्के ठाऊक असते. आजच्या बॅकपॅकरच्या तुलनेत त्याचा हा मोठाच फायदा म्हटला पाहिजे.

स्वस्त खाटेची सोय एका शाळामास्तराच्या हट्टातून झाली. रिखार्ड शिरमान हे जर्मन शिक्षक १९०९ च्या ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले असताना वादळात सापडले. एका गावातल्या शाळेत, पेंढा पसरून, त्या मंडळींनी रात्र काढली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांत चालत येणाऱ्या मुलांची सोय का होऊ नये, या त्यांच्या विचारातून १९१२ मध्ये आल्टेना येथील किल्ल्यात पहिले कायमस्वरूपी युथ हॉस्टेल सुरू झाले. सामायिक खोलीतल्या दुमजली खाटा आणि सामायिक स्वयंपाकघर हा तो नमुना पुढे खाजगी हॉस्टेलांनीही उचलला. एकट्या प्रवाशाचा खरा संसार या स्वयंपाकघरातच चालतो. फ्रिजमधल्या प्रत्येक पिशवीवर नाव आणि जाण्याची तारीख लिहिलेली असते आणि बाजूच्या एका फळीवर निघून गेलेल्यांनी मागे ठेवलेला अर्धा पुडा पास्ता, मीठ, तळाशी उरलेले तेल असा ऐवज कोणालाही घेण्यासाठी मोकळा असतो. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात हे शनिवारी संध्याकाळी लक्षात न राहिलेल्याचे जेवण याच फळीवर भागते.

रेल्वेचा पास ही दुसरी सोय. युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल पास १९५९ मध्ये निघाला, तर युरोपातल्या रहिवाशांसाठी इंटररेल १९७२ मध्ये, आरंभी २१ वर्षांपर्यंतच्या तरुणांना २१ देशांत महिनाभर हिंडता यावे म्हणून. एकदा पैसे भरले की ठरलेल्या दिवसांत वाटेल त्या गाडीत चढावे, ही कल्पना बेत न आखणाऱ्याच्या मनासारखीच आहे; मात्र फ्रान्स आणि स्पेनमधल्या वेगवान गाड्यांना पासाखेरीज आसनाचे वेगळे आरक्षण लागते आणि पासधारकांसाठी अशा जागा मोजक्याच ठेवलेल्या असतात. त्यामुळे आयत्या वेळी फलाटावर येणाऱ्याला जर्मनी-ऑस्ट्रियात जे सुख लाभते, ते पॅरिसच्या स्थानकावर लाभेलच असे नाही.

तिसरी गोष्ट सीमेची, आणि भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्याच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या खेड्याजवळ, मोझेल नदीतल्या बोटीवर, १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी केलेल्या करारातून आपापसांतल्या सीमांवरची तपासणी हटवण्याची सुरुवात झाली. प्रत्यक्ष अंमल १९९५ मध्ये आला आणि आज या क्षेत्रात २९ देश आहेत. क्षेत्राच्या आत संचार मोकळा असला, तरी थोड्या मुदतीच्या व्हिसावर आलेल्या पाहुण्याला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही, आणि त्यात येण्याचा व जाण्याचा असे दोन्ही दिवस धरले जातात. पुणे-मुंबईचा एखादा तरुण नोकरी सोडून बेत न आखता निघू म्हणाला, तरी अर्जासोबत त्याला दिवसवार कार्यक्रम, राहण्याच्या जागांचे पुरावे, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आणि बँकेतली शिल्लक दाखवावीच लागते. शिवाय सर्वाधिक दिवस ज्या देशात काढायचे, त्याच देशाकडे अर्ज करायचा असल्याने तेही आधीच ठरवणे भाग पडते. बेत न आखण्याची मुभा मिळवण्यासाठी बेताची फाईल सादर करावी लागावी, यातला विनोद दूतावासांना जाणवत असेल असे वाटत नाही. ब्रिटन आणि आयर्लंड या क्षेत्राबाहेर असून त्यांचे नियम निराळे आहेत. दीर्घकाळाची मनमोकळी भटकंती म्हणून जे सांगितले जाते, ते पुष्कळ अंशी विशिष्ट पासपोर्टांचे सुख आहे, हे नोंदवणे आवश्यक आहे.

या सर्व सोयी जुळल्या, तरी एकटेपणात दीर्घकाळ राहिल्याने मनावर जे होते ते उरतेच. पॅट्रिक ली फर्मर हा इंग्रज तरुण वयाच्या अठराव्या वर्षी, १९३३ च्या डिसेंबरात, हॉलंडच्या किनाऱ्यावरून इस्तंबूलपर्यंत पायी जाण्यासाठी निघाला, तेव्हा त्याच्याजवळ आठवड्याला एक पौंड एवढीच तरतूद होती आणि ती रक्कम वाटेतल्या टपाल कचेऱ्यांत त्याच्या नावे येऊन पडत असे. म्युनिकच्या हॉस्टेलात त्याची सॅक पासपोर्ट व रोजनिशीसह चोरीला गेली. पण ओळखीच्या कुटुंबाने त्याला दुसरी सॅक दिली, पुढच्या वाटेवरच्या घरांना शिफारसपत्रे लिहिली आणि गोठ्यात झोपणारा हा पोरगा अधूनमधून सरदारांच्या वाड्यांतही उतरू लागला. ठरवलेले काही नसल्यामुळे बिघडलेलेही काही नसते, या समजुतीला हे उदाहरण चांगलेच पोषक आहे. तरीही ध्यानात घेण्याजोगी बाब अशी, की वाट मोकळी असली तरी पोहोचण्याचे ठिकाण त्याने पहिल्या दिवसापासून निश्चित केलेले होते.

ज्यांना असे ठिकाण नसते, त्यांना काही आठवड्यांनी एक वेगळाच शीण येतो. कोठे उतरायचे, काय खायचे, आणखी एक रात्र राहायचे की निघायचे, यांतले काहीही सवयीवर सोपवता येत नाही आणि सल्ला द्यायला जवळ कोणी नसते. शिवाय हॉस्टेलात रोज नव्या माणसाला आपले नाव, देश, आलो कोठून आणि जाणार कोठे हे तेच ते सांगून झाल्यावर ओळखी वाढतात, पण संबंध वाढत नाहीत. अशा वेळी शहरे मोजण्याचा उत्साह ओसरतो आणि प्रवासी एखाद्या साध्याशा गावात आठवडाभर मुक्काम ठोकतो, तिथल्या बेकरीवाल्या बाईने तोंड ओळखावे एवढ्याचसाठी.

स्पेनमधल्या ‘कामिनो’वर बिनबेताने निघालेले जे कित्येक जण जाऊन मिळतात, त्याचे कारणही हेच असावे. सांतियागो दे कोंपोस्तेला येथील संत जेम्सच्या समाधीकडे जाणारी ही मध्ययुगीन यात्रा. फ्रान्सच्या हद्दीतल्या सें-जाँ-पिए-द-पोर गावापासून तिचा प्रसिद्ध मार्ग सुमारे ७८० किलोमीटरचा आहे. वाटेवर भिंतींवर, दगडांवर, विजेच्या खांबांवर पिवळे बाण रंगवलेले असतात; ओ सेब्रेइरो गावचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी ते १९८० च्या दशकात रंगवायला घेतले. ‘अल्बेर्गे’ म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत साधारणपणे एकच रात्र राहता येते आणि सकाळी लवकर बाहेर पडावे लागते, त्यामुळे थांबावे की निघावे हा प्रश्नच उरत नाही. वारीप्रमाणे इथे दिंडी नसते, अभंगही नसतात. परंतु पाय कोणत्या दिशेला टाकायचा हे दुसऱ्याने ठरवून ठेवलेले असण्यात जो विसावा आहे, तो पंढरीच्या वाटेवरच्या माणसाला निराळा समजावून सांगावा लागणार नाही. सांतियागोला पोहोचल्यावर यात्रा रीतसर संपते, प्रमाणपत्रही मिळते. तरीसुद्धा बरेच जण तिथे न थांबता आणखी सुमारे ९० किलोमीटर चालून अटलांटिकच्या काठी फिनिस्तेरेपर्यंत जातात आणि पुढे जमीनच नसल्यामुळे बसने परततात.