वृद्ध माता-पित्यांसह नगरप्रवास : स्वस्त काळ आणि योग्य काळ

आपल्या दवाखान्यात येणाऱ्या वृद्ध रुग्णांना 'थोडा हवापालट करा' असा सल्ला आपण सहज देतो. परंतु आपल्या स्वतःच्या घरातील वडीलधाऱ्यांच्या वाट्याला हा हवापालट क्वचितच येतो. दवाखाना वा औषधी निर्माणशाळा बंद ठेवणे जिवावर येते, सुट्ट्यांच्या काळातील खर्च परवडत नाही आणि 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणता म्हणता आईचे गुडघे जिना चढेनासे होतात. वृद्धांच्या बाबतीत पुढचे वर्ष हे नेहमीच गृहीत धरता येत नाही. म्हणून मर्यादित खर्चात, गर्दी नसताना, आई किंवा वडिलांना घेऊन एखादे नगर पाहून येण्याचे नियोजन कसे करावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

बिगर-हंगाम दोन प्रकारचा

पर्यटनाच्या धंद्यात ज्याला बिगर-हंगाम म्हणतात, तो दोन कारणांनी येतो. एक, हवामान प्रतिकूल असल्यामुळे. दुसरे, केवळ शाळा-कचेऱ्यांना सुट्टी नसल्यामुळे. भाडे दोन्ही वेळी उतरते, पण वृद्ध शरीराच्या दृष्टीने या दोहोंत महदंतर आहे. ग्रीष्मात किंवा ऐन वर्षाऋतूत स्वस्त मिळालेली खोली ही खरे तर उधारीची खोली होय. तिची परतफेड शरीराला करावी लागते. आदानकाळाच्या अखेरीस बल क्षीण असते, वर्षाऋतूत अग्नी मंद व वात प्रकुपित असतो. त्यात सुश्रुतांनी व वाग्भटांनी सत्तरीनंतरचे, तर चरकांनी साठीनंतरचे वय हे वातप्रधान म्हणून सांगितलेले आहे. अशा वयात, अशा ऋतूत अध्वगमन म्हणजे वाताला तिहेरी निमंत्रणच.

याउलट हेमंत व शिशिर ऋतूंत बल उत्तम, अग्नी प्रदीप्त. आणि या काळातही सुट्ट्यांच्या मधल्या फटीत खोल्या रिकाम्या असतात. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून नाताळच्या आधीच्या आठवड्यापर्यंत ही एक फट; मकरसंक्रांतीपासून महाशिवरात्रीपर्यंत ही दुसरी. पहिल्या फटीत विवाहमुहूर्तांच्या तारखा व दुसरीत २६ जानेवारीला जोडून येणारा रविवार तेवढा टाळावा.

आपल्या व्यवसायालाही हे सोयीचे आहे. वाग्भटांनी शोधनासाठी श्रावण, कार्तिक व चैत्र हे मास सांगितले. कार्तिक आणि चैत्र यांच्या मधल्या काळात पंचकर्माची वर्दळ तुलनेने कमी असते. निर्माणशाळाचालकांना मात्र आवळ्याच्या हंगामात च्यवनप्राशाचे काम सोडवत नाही. त्यांनी तो ओसरल्यावर माघातील फट निवडावी.

उदाहरण : म्हैसूर

नगराची निवडही याच दृष्टीने करावी. म्हैसूर हे चांगले उदाहरण आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवरील या नगरीत ना कोकणाचा दमटपणा, ना उत्तरेची कडाक्याची थंडी. दसऱ्याला येथे पाऊल ठेवण्यास जागा नसते. पौष-माघात तेच नगर शांत असते.

दादरहून पुणे, मिरज, हुबळी मार्गे म्हैसूरला जाणारी शरावती एक्सप्रेस गाडी न बदलता पोहोचविते. ती रोज नसल्याने प्रवासाची आखणी तिच्या वारानुसार करावी. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. येथे एक बारकावा पुष्कळांना ठाऊक नसतो. साठ वर्षांवरील पुरुष व पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या शायिकांचा वेगळा कोटा असतो. परंतु एकाच तिकिटावर पंचाहत्तर वर्षांच्या आईसोबत चाळिशीतल्या मुलाचे नाव असेल, तर त्या कोट्याचा विचारच होत नाही. सबब आईचे तिकीट स्वतंत्र काढावे आणि आपले सर्वसाधारण कोट्यातून, शक्यतो त्याच डब्यात मिळवावे. ज्येष्ठांना भाड्यात मिळणारी सवलत रेल्वेने मार्च २०२० मध्ये थांबविली. अंदाजपत्रक पूर्ण भाडे धरूनच करावे.

बचत कोठे, खर्च कोठे

बिगर-हंगामातील बचत खिशात घालण्यासाठी नसून विश्रांती विकत घेण्यासाठी आहे, हे सूत्र ध्यानात ठेवावे. निवासाचे भाडे आणखी कमी करून घेण्यापेक्षा त्याच भाड्यात चांगली सोय मागावी. रिकाम्या दिवसांत व्यवस्थापक ती आनंदाने देतो. तळमजल्यावरील खोली, कमोडची सोय, स्नानगृहात धरावयास आधार आणि निरोपाच्या दिवशी दुपारपर्यंत खोली ठेवण्याची मुभा या चार गोष्टी दूरध्वनीवर आधी ठरवाव्यात. गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळते, हेही विचारावे. अनेक ठिकाणी ते केवळ सकाळी दोन-तीन तास असते, आणि वृद्धांना अभ्यंगानंतर स्नानास उशीर होतोच.

राजवाड्याच्या जवळपास राहिल्यास दोन पैसे जास्त पडले, तरी रिक्षाचे भाडे व दुपारची ओढाताण वाचते. दुपारी खोलीवर परतणे हे वृद्धांच्या प्रवासाचे मर्म आहे. दिवास्वाप एरवी निषिद्ध. परंतु चरकांनी ज्यांना तो विहित सांगितला, त्यांत वृद्ध आणि मार्गक्रमणाने थकलेले हे दोघेही आहेत. आपली आई त्या वेळी दोन्ही असते.

तीन दिवसांचा क्रम

नियम एकच : सकाळी एक स्थान, सायंकाळी एक स्थान, मध्ये विश्रांती.

पहिल्या दिवशी राजवाडा. जुना लाकडी वाडा १८९७ साली जळाल्यानंतर हेन्री अर्विन यांच्या आराखड्यानुसार ही वास्तू १९१२ साली पूर्ण झाली. आत पादत्राणे काढावी लागतात व फरशी थंड असते. पायमोजे जवळ ठेवावेत. रविवारी सायंकाळी सुमारे लाखभर दिव्यांनी राजवाडा उजळतो. हे दृश्य बाहेरच्या प्रांगणातून पाहता येते, म्हणून मुक्कामात रविवार येईल असे पाहावे.

दुसऱ्या दिवशी चामुंडी टेकडी. पायऱ्या हजारावर आहेत; पण वरपर्यंत सडक असून नगरबसही जाते. उत्साहाने 'थोड्या पायऱ्या चढू' म्हणणाऱ्या वडिलांना आदराने गाडीतच बसवावे. शुक्रवार टाळल्यास दर्शनाची रांग सुसह्य असते.

तिसऱ्या दिवशी जगन्मोहन राजवाड्यातील कलादालन, अर्थात ते उघडे असल्याची चौकशी करून. राजा रविवर्मा यांची चित्रे तेथे आहेतच. पण मराठी माणसाने आवर्जून पाहावे ते सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे, हातात दीप घेतलेल्या तरुणीचे जलरंगातील चित्र. चित्रकारासमोर तो दीप घेऊन उभी राहिली होती ती त्यांचीच कन्या गीता. आपल्या आई-वडिलांच्या पिढीने या चित्राच्या प्रतिकृती घरोघरी पाहिल्या आहेत. मूळ चित्रासमोर त्या स्मृती आपोआप जाग्या होतात. वैद्यांनी परतताना सयाजीराव मार्गावरील, १९०८ साली स्थापन झालेल्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाची वास्तूही पाहून घ्यावी.

पथ्य आणि पेटी

आहारात सकाळचे गरम पोंगल उत्तम. ते तांदूळ व मुगाचेच असल्याने आपल्या खिचडीचे भावंड होय. म्हैसूरपाक एक तुकडा चाखण्यापुरता. रात्री दही नको. गाडीत उठावे लागू नये म्हणून वृद्ध पाणी पिणे टाळतात व मूत्रवेग धरून ठेवतात. अधारणीय वेगांचे महत्त्व त्यांना निघण्यापूर्वीच समजावावे आणि प्रसाधनगृहाजवळची जागा पाहावी. रात्री शिर, कर्ण व पाद यांना तेल लावणे प्रवासातही चुकवू नये. बराच वेळ बसावे लागल्यास दर तासाला घोटे हलवावेत, शक्य तेव्हा चार पावले चालावे.

रक्तदाब वा मधुमेहाची चालू औषधे, मग ती कोणत्याही शास्त्राची असोत, प्रवासात बंद वा बदल करू नयेत. ती जादा दोन दिवसांच्या मात्रेसह हातातील पिशवीत ठेवावीत; मोठ्या सामानात नव्हे. सोबत औषधांची यादी व अलीकडील तपासण्यांची प्रत असावी. नवे औषध प्रवासात प्रथमच सुरू करू नये. निर्माणशाळाचालकांनाही विनंती की, 'प्रवास संच' या नावाखाली दहा-बारा कल्प ग्राहकाच्या गळ्यात मारू नयेत. नेहमीच्या सवयीचे एक तेल, एक पाचक आणि गरम पाण्याची बाटली यांवर बहुतेकांचे भागते.

छातीत दुखणे, अचानक एका बाजूची शक्ती जाणे, वाचेत अडखळणे वा श्वास लागणे ही लक्षणे दिसताच उपचारांचा विचार करीत न बसता तात्काळ रुग्णालय गाठावे. निवासाजवळील मोठे रुग्णालय कोणते, हे पोहोचल्याच दिवशी माहीत करून घ्यावे. एकूण अंदाजपत्रकाचा एक भाग याच कामासाठी राखून ठेवावा. तो न खर्चिता परत आणणे हे प्रवासाचे खरे यश होय.

या नियोजनाचे एक पानी पत्रक करून दवाखान्यात ठेवल्यास रुग्णांच्या घरच्यांनाही त्याचा उपयोग होईल. मात्र त्यापूर्वी येत्या मार्गशीर्षाच्या वा माघाच्या पंचांगावर एक तारीख आपण स्वतः नक्की करावी, ती घरात सांगावी आणि दवाखान्याच्या दारावर 'चार दिवस बंद' ही पाटी लावावी. रुग्ण थोडे थांबतील. वय थांबत नाही.