सशाला भूल देताना

नसबंदीच्या ऑपरेशनपेक्षा धास्ती असते ती भुलीची. ब्रिटनमधल्या दवाखान्यांतून २००२ ते २००४ या काळात गोळा केलेल्या नोंदींनुसार भूल किंवा गुंगी दिलेल्या निरोगी सशांपैकी सुमारे ०.७ टक्के दगावले. निरोगी कुत्र्यांत हे प्रमाण ०.०५ टक्के होतं. आजारी सशांत ते सात टक्क्यांच्या वर गेलं. बहुतेक ससे टेबलावर नव्हे, ऑपरेशननंतरच्या काही तासांत गेले.

कारणं सशाच्या ठेवणीतच आहेत. तोंड अरुंद, जीभ जाड. श्वासनलिकेत नळी घालताना भल्याभल्या डॉक्टरांना घाम फुटतो. पोटाच्या मानाने फुप्फुसं लहान, त्यात छुपी सर्दी असली तर श्वास अडतो. अंग झटकन गार पडतं. आणि मास्क लावताच बावरलेला ससा श्वासच रोखून धरतो, म्हणून आधी गुंगीचं इंजेक्शन.

कुत्र्या-मांजरांचा नियम इथे लावू नका. सशाला उलटी होत नाही. त्याला रात्रभर उपाशी ठेवायचं कारणच नाही. उपासाने आणि दुखण्याने आतडी मंदावतात, तेच जिवावर बेततं. घरी आणल्यावर लेंड्या मोजा (हसू नका, डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील). लेंड्या थांबल्या, गवताला तोंड लावेना, तर सकाळची वाट न बघता फोन करा.

मग मादीचं ऑपरेशन करायचंच कशाला? वय वाढतं तसा गर्भाशयाचा कर्करोग माद्यांमध्ये फार आढळतो, म्हणून. डॉक्टर ठरवताना मात्र भीड न बाळगता विचारा: आजवर किती सशांना भूल दिलीत?