व्यंगचित्रातील कथन आणि स्वतःची रेषा : महाविद्यालयीन अध्यापनाच्या संदर्भात

सारांश

व्यंगचित्रातून गोष्ट सांगण्याचे तंत्र वर्गात शिकविता येते. विद्यार्थ्याचा स्वतःचा सूर मात्र शिकविता येत नाही. तो सापडावा अशी परिस्थिती निर्माण करता येते. ही भूमिका प्रस्तुत लेखात मांडली आहे. त्यासाठी आर. के. लक्ष्मण, शि. द. फडणीस, वसंत सरवटे, 'चिंटू' ही चित्रमालिका, पिंगुळीची चित्रकथी परंपरा आणि नाशिकच्या मातीतील दादासाहेब फाळके यांच्या कार्याचा आधार घेतला आहे. शेवटी पदवीस्तरावरील वर्गात वापरता येईल असा अभ्यासक्रम व त्याच्या मूल्यमापनाची दिशा सुचविली आहे.

बीजसंज्ञा : व्यंगचित्र, हास्यचित्र, चित्रकथन, अनुकरण, निरीक्षण, स्वतःची शैली.

प्रस्तावना

विद्यापीठांच्या युवक महोत्सवात ललित कला विभागामध्ये स्थळचित्रण, भित्तिपत्रक, मातीकाम व रांगोळी यांच्या जोडीने व्यंगचित्र ही स्पर्धा असते. अनेक महाविद्यालयांचा या कलेशी येणारा संबंध एवढाच असतो. स्पर्धा जवळ आली की 'हात चांगला' असणाऱ्या विद्यार्थ्याचा शोध घेतला जातो, त्याच्याकडून चार-दोन विषय गिरवून घेतले जातात आणि महोत्सव संपताच हा विषयही संपतो. हात चांगला असणे आणि सांगण्यासारखे काही असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याकडे या धावपळीत दुर्लक्ष होते.

नाशिकमधील अंबड परिसराचा विचार केल्यास हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. औद्योगिक वसाहतीच्या या भागात अनेक घरांचे वेळापत्रक कारखान्याच्या पाळीवर ठरते. रात्रपाळी, जादा काम, कंत्राटी नोकरी, गावाकडची शेती आणि शहरातील भाड्याची खोली असे अनुभव तेथील विद्यार्थ्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग आहेत. मराठी हास्यचित्रांत दिवाणखाना, कचेरी, बसथांबा ही स्थळे वारंवार दिसतात. कारखान्याच्या फाटकावर पाळी बदलताना होणारी गर्दी त्या मानाने क्वचित दिसते. तेव्हा अशा विद्यार्थ्याने स्वतःची रेषा शोधणे हा त्याच्या व्यक्तिगत विकासापुरता मर्यादित प्रश्न राहत नाही. त्याने ती शोधली नाही तर एक संपूर्ण जग रेखाटल्यावाचून राहते.

चित्रात गोष्ट कशी घडते

चित्रांच्या साहाय्याने गोष्ट सांगणे महाराष्ट्राला नवीन नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळील पिंगुळी येथे ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. रामायण-महाभारतातील एखाद्या आख्यानाची चित्रे क्रमाने लावलेली असतात; या संचास 'पोथी' म्हणतात. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो आणि वाद्यांच्या साथीने कथा गातो. या परंपरेतील कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. येथे एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. चित्रे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या वळणाने काढली जातात. एका चित्राकडून दुसऱ्याकडे जाताना कोठे थांबावयाचे, काय वाढवावयाचे, काय गाळावयाचे हे मात्र सांगणारा ठरवितो. म्हणजेच कथन चित्रांइतकेच चित्रांच्या मधल्या जागेत घडते.

छापील चित्रमालिकेत सांगणारा प्रत्यक्ष समोर नसतो. त्यामुळे त्याचे काम चौकटींनी करावयाचे असते. अमेरिकन अभ्यासक स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ मध्ये चित्रकथेचे विवेचन खुद्द चित्रकथेच्याच रूपात प्रसिद्ध केले. दोन चौकटींमधील मोकळ्या पट्टीत वाचक आपल्या कल्पनेने मधली घटना भरून काढतो, हा त्यातील एक प्रमुख मुद्दा होय. पहिल्या चौकटीत मुलाने चेंडू उंच मारला आणि दुसऱ्या चौकटीत काचेचा ढीग दिसला, तर काच फुटताना कोणी पाहिलेली नसते. ती वाचकाच्या मनात फुटते.

मराठीत याचे परिचित उदाहरण म्हणजे 'चिंटू'. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका नोव्हेंबर १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झाली आणि पुढे २०१२ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. मोजक्या चौकटींत परिस्थिती मांडणे, ती थोडी पुढे नेणे आणि अखेरीस तिला अनपेक्षित वळण देणे हा तिचा नेहमीचा बांधा. रोज तेवढ्याच जागेत नवी गोष्ट सांगावयाची असल्याने पाल्हाळास वावच राहत नाही. नवशिक्यास चौकटींची संख्या आधीच ठरवून देणे का उपयुक्त ठरते, हे यावरून लक्षात येते.

अनुकरण : सुरुवात, शेवट नव्हे

'दुसऱ्याचे पाहून काढू नका' असा उपदेश विद्यार्थ्यांना नेहमी केला जातो. व्यंगचित्रकलेचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. आर. के. लक्ष्मण (१९२१–२०१५) यांच्यावर बालपणापासून ब्रिटिश व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांच्या चित्रांचा प्रभाव होता. ती चित्रे वृत्तपत्रात पाहताना लहानपणी त्यांनी 'लो' ही सही 'काऊ' अशी वाचली होती, ही आठवण त्यांनी स्वतः सांगितली आहे. नाव नीट वाचता येत नव्हते, तरी रेषा ओळखता येत होती, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. बाळ ठाकरे हेही लो यांनाच मानणारे. दोघांनी मुंबईच्या 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये काम केले. पुढे लक्ष्मण 'टाइम्स ऑफ इंडिया'त गेले आणि ठाकरे यांनी १९६० मध्ये 'मार्मिक' सुरू केले. आदर्श एकच, परंतु एकाची रेषा सामान्य माणसाच्या बाजूला उभी राहून मिश्कीलपणे पाहणारी, तर दुसऱ्याची थेट प्रहार करणारी ठरली.

यावरून असे म्हणता येईल की, अनुकरणाने स्वत्व नष्ट होत नाही. अनुकरण करताना जे जमत नाही, जे खटकते आणि जे पुरेसे वाटत नाही, तेथून स्वत्वाला प्रारंभ होतो. मात्र त्यासाठी अनुकरण डोळसपणे व्हावयास हवे. लक्ष्मण यांनी लो यांची चित्रे पाहिली, त्याचबरोबर घरातील वस्तू, झाडाची वाळकी पाने व फांद्या आणि विशेषतः कावळे यांचेही सतत रेखाटन केले. कावळ्याने त्यांना आयुष्यभर साथ दिली. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेने त्यांना प्रवेश नाकारला होता, हेही सर्वश्रुत आहे. प्रवेश नाकारला गेला तरी निरीक्षण थांबले नाही, म्हणून रेषा घडत गेली.

वगळण्याची शिस्त

स्वतःचा सूर म्हणजे काहीतरी नवे जोडणे, असा समज असतो. प्रत्यक्षात तो बहुधा वगळण्यातून हाती येतो. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' हे याचे ठळक उदाहरण होय. प्रारंभी भारतातील सामान्य जनता दाखविण्यासाठी ते निरनिराळ्या प्रांतांच्या वेशभूषेतील अनेक माणसांची गर्दी काढीत. रोजच्या चित्राची वेळ गाठताना एवढी माणसे काढणे अवघड होऊ लागले. एकेक माणूस कमी होत गेला आणि शेवटी धोतर, चौकड्यांचा कोट व चष्मा असलेला, काहीही न बोलणारा एकच माणूस शिल्लक राहिला. वेळेच्या अडचणीने जे करावयास लावले, तीच पुढे त्यांची ओळख ठरली.

शि. द. फडणीस यांनी शब्द वगळले. बेळगाव जिल्ह्यातील भोज येथे २९ जुलै १९२५ रोजी जन्मलेल्या फडणीसांनी सर ज. जी. कलाशाळेत रीतसर शिक्षण घेतले. 'हंस', 'मोहिनी' या मासिकांचे संपादक अनंत अंतरकर यांनी त्यांना मुखपृष्ठावर हास्यचित्र काढण्याची संधी दिली. 'मोहिनी'च्या १९५२ च्या दिवाळी अंकावरील त्यांच्या चित्रात शेजारी उभ्या असलेल्या तरुण-तरुणीच्या कपड्यांवरील मांजरे व उंदीर यांची नक्षी जणू सजीव होऊन एकमेकांची दखल घेते. दोन माणसे परस्परांशी काही बोलत नाहीत. गोष्ट कापड सांगते. मथळा नाही, फुगा नाही. भाषेवाचून उभे राहिल्यामुळे हे हास्य मराठी न जाणणाऱ्यापर्यंतही पोहोचते. १९६५ पासून 'हसरी गॅलरी' या प्रदर्शनाद्वारे त्यांची चित्रे मासिकाच्या पानावरून थेट रसिकांसमोर आली. शालेय गणिताच्या पाठ्यपुस्तकांसाठीही त्यांनी चित्रे काढली. अवघड वाटणारा विषय रेषेने सुसह्य करण्यामागेही शब्दांवाचून समजावण्याची तीच दृष्टी होती.

लक्ष्मण यांनी माणसे कमी केली, फडणीस यांनी शब्द कमी केले. काय गाळावयाचे याचा निर्णय प्रत्येकाचा वेगळा असतो आणि त्या निर्णयातच शैलीचे बीज असते.

कलावर्गाबाहेरून आलेली दृष्टी

व्यंगचित्रकार होण्यास कलाशिक्षणच हवे असे नाही. वसंत सरवटे (१९२७–२०१६) हे व्यवसायाने स्थापत्य अभियंता होते. नोकरी सांभाळून त्यांनी व्यंगचित्रे, मुखपृष्ठे व कथाचित्रे काढली आणि या कलेचे मीमांसापर लेखनही केले. चित्रातील विनोद कसा निर्माण होतो, याची त्यांनी केलेली चिकित्सा मराठीत मोलाची आहे. विज्ञान, वाणिज्य वा अभियांत्रिकीचा विद्यार्थी या वर्गात आल्यास त्यास 'बाहेरचा' मानू नये, हा त्यातून मिळणारा बोध.

दुसरे उदाहरण अंबडच्या अगदी जवळचे आहे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी ज्यांचे स्मारक आहे, ते धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १८७० मध्ये जन्मलेल्या फाळक्यांनी चित्रकला, छायाचित्रण, छपाई अशा अनेक विद्या हाताळल्या. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर येण्यापूर्वी त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ कित्येक दिवस थोडी थोडी टिपून 'अंकुराची वाढ' हा लघुपट तयार केला. पुढे 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात त्यांनी आगकाड्यांना हालते केले. रोप आणि आगपेटी या वस्तू प्रत्येक घरात असतात. त्यांत गोष्ट पाहण्याची दृष्टी मात्र फाळक्यांची होती. साधनांची उणीव ही सबब किती अपुरी आहे, हे येथे दिसून येते.

वर्गातील क्रम

वरील विवेचनाच्या आधारे पदवीस्तरावर पुढील क्रम सुचविता येईल.

पहिली पायरी निरीक्षणाची. विद्यार्थ्याने दोन आठवडे वहीत रोज पाहिलेली एक गोष्ट एका रेखाटनात व एका वाक्यात नोंदवावी. रेखाटन सुबक असण्याची अट नसावी.

दुसरी पायरी डोळस अनुकरणाची. एखाद्या व्यंगचित्रकाराचे चित्र उतरवून त्याने काय दाखविले व काय वगळले याची यादी करावी. त्यानंतर तोच प्रसंग दुसऱ्या व्यंगचित्रकाराने कसा मांडला असता, हे काढून पाहावे.

तिसरी पायरी चौकटींची. वहीतील एक नोंद चार चौकटींत मांडावी. कल्पित उदाहरण घेऊ. एका विद्यार्थिनीचे वडील रात्रपाळीला आहेत. ते घरी येतात त्याच वेळी ती महाविद्यालयास निघते. पहिल्या खर्ड्यात ती फुग्यात लिहिते की, आमची भेटच होत नाही. हे विधान झाले, गोष्ट झाली नाही. दुसऱ्या खर्ड्यात पहिल्या तीन चौकटींत उंबऱ्यावरचे तेच दृश्य येते : एक आत येणारा, एक बाहेर जाणारी, दोघांची नजर भिंतीवरील घड्याळाकडे, बदलते ती फक्त दिनदर्शिकेवरील तारीख. चौथ्या चौकटीत रविवार. दोघे समोरासमोर चहाला बसलेले आहेत आणि सवयीने दोघांची नजर घड्याळाकडेच. शब्द एकही नाही. पण वाचक आधी हसतो आणि मग थांबतो.

चौथी पायरी वगळण्याची. पूर्ण झालेल्या चित्रातून एक माणूस, एक वाक्य आणि एक वस्तू काढून टाकावी. काढल्यावर गोष्ट कोसळली तर ती वस्तू आवश्यक होती. न कोसळल्यास ती गेलेलीच बरी.

पाचवी पायरी पुनरावृत्तीची. एकच पात्र घेऊन आठवड्याला एक याप्रमाणे सत्रभर मालिका चालवावी. पात्राशी दीर्घकाळ राहिल्याखेरीज त्याचा स्वभाव उमगत नाही.

मूल्यमापन

या विषयात सफाईला गुण देणे सोपे व म्हणूनच धोक्याचे आहे. २०२५ मध्ये एका जपानी चित्रपटसंस्थेच्या शैलीत छायाचित्रांचे रूपांतर करण्याची लाट समाजमाध्यमांवर आली. तयार शैली आता क्षणात, विनासायास मिळते. केवळ सफाई तपासली तर यंत्रास पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. म्हणून अंतिम चित्राइतकेच महत्त्व निरीक्षणवहीस, टाकून दिलेल्या खर्ड्यांस आणि काय का वगळले याच्या तोंडी स्पष्टीकरणास द्यावे. उंबऱ्यावरचे ते घड्याळ यंत्रालाही काढता येईल. परंतु त्याकडे रोज पाहणारे डोळे त्या घरातच असतात.

आणखी एक साधी कसोटी सुचविता येईल. सत्राच्या शेवटी सर्व चित्रांवरील नावे झाकून ती भिंतीवर लावावीत आणि कोणते चित्र कोणाचे हे सहाध्यायांनी ओळखावे. जे चित्र सहीवाचून ओळखले जाते, त्याच्या कर्त्याला स्वतःची रेषा सापडू लागली आहे, असे मानावयास हरकत नाही.

समारोप

चौकट, फुगा, मथळा आणि दोन चित्रांमधील मोकळी जागा ही चित्रकथनाची साधने शिक्षकास देता येतात. अनुकरणाची संकोचरहित मोकळीक, मर्यादेची शिस्त आणि वगळण्याचा सरावही देता येतो. परंतु काय पाहावे हे ज्याचे त्यानेच ठरवावयाचे असते. 'माझ्याकडे सांगण्यासारखे काही नाही' असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास त्याच्याच घरातील उंबरा दाखविणे, एवढे कार्य जरी अध्यापकाने केले, तरी महोत्सवाच्या पारितोषिकापेक्षा ते अधिक टिकाऊ ठरेल.