नर्सिंग पदवीचे मूल्यमापन : विद्यापीठाच्या नावापलीकडे काय पाहावे?

बारावीनंतर बी.एस्सी. नर्सिंगकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांची पहिली चौकशी बहुधा विद्यापीठाच्या नावाची असते. राजधानी दिल्ली आणि लगतच्या नोएडा, गुरुग्राम, फरीदाबाद परिसरात ही पदवी देणारी केंद्रीय, राज्य, अभिमत आणि खासगी अशी सर्व प्रकारची विद्यापीठे आहेत. मात्र परिचारिका घडते ती रुग्णकक्षात. त्यामुळे या अभ्यासक्रमाची पारख करताना विद्यापीठाच्या कीर्तीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व प्रत्यक्ष शिक्षणाच्या व्यवस्थेला द्यावे लागते. येथे चूक झाली तर चार वर्षे आणि कुटुंबाची बचत तर पणाला लागतेच, शिवाय अपुऱ्या प्रशिक्षणाची किंमत पुढे रुग्णालाही मोजावी लागते.

एक विद्यापीठ, तीन महाविद्यालये

दिल्ली विद्यापीठाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल सादर केला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात प्रशिक्षित परिचारिकांची संख्या अवघी सात हजारांच्या आसपास होती. त्याच वर्षी दिल्लीत आणि दक्षिणेत वेल्लोर येथे नर्सिंगचे पदवी शिक्षण सुरू झाले. दिल्लीतील त्या महाविद्यालयाला पुढे देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचे नाव देण्यात आले. येथील पदव्युत्तर अभ्यासक्रम १९५९ पासूनचा आहे.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील हे महाविद्यालय लाजपत नगरमध्ये आहे. अहिल्याबाई नर्सिंग महाविद्यालय लोकनायक रुग्णालयाशी, तर फ्लोरेन्स नाइटिंगेल महाविद्यालय पूर्व दिल्लीतील गुरू तेग बहादूर रुग्णालयाशी जोडलेले असून, ही दोन्ही दिल्ली सरकारची आहेत. तिघांची पदवी एकाच विद्यापीठाची असली, तरी दोन महाविद्यालयांना मोठ्या रुग्णालयाची थेट जोड आहे, तर लाजपत नगरच्या महाविद्यालयातील विद्यार्थिनींना प्रात्यक्षिकासाठी शहरातील विविध रुग्णालयांत जावे लागते. ग्रामीण आरोग्यसेवेच्या प्रशिक्षणासाठी या महाविद्यालयाचे छावला येथे स्वतंत्र केंद्र आहे.

यातील एकच पद्धत योग्य, असे मानण्याचे कारण नाही. एकाच मोठ्या रुग्णालयात शिकल्याने कामात सातत्य राहते, तर अनेक रुग्णालयांत शिकल्याने अनुभवाची विविधता लाभते. प्रश्न असतो तो त्या व्यवस्थेच्या नेमकेपणाचा. कोणत्या सत्रात कोणता विभाग, तेथे सोबत शिक्षिका असते की नाही आणि विद्यार्थिनीने केलेल्या कामाची नोंद कोण तपासते, हे महाविद्यालयाला स्पष्ट सांगता आले पाहिजे.

पदवी आणि नोंदणी

पदवी विद्यापीठ देते. परंतु परिचारिका म्हणून काम करण्यासाठी राज्य परिचर्या परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते. दिल्लीत हे काम दिल्ली परिचर्या परिषद आणि आपल्या राज्यात महाराष्ट्र परिचर्या परिषद करते. शिक्षणाचे देशव्यापी निकष १९४७ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेने ठरविले. त्यामुळे विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे, एवढे उत्तर पुरेसे ठरत नाही. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा आहे, त्या वर्षासाठी या अभ्यासक्रमाला परिषदेची मंजुरी आहे का आणि ती किती जागांसाठी आहे, हे परिषदेच्या यादीतच पाहावे. दिल्लीत शिकून महाराष्ट्रात परतू इच्छिणाऱ्यांनी नोंदणी हस्तांतरणाची प्रक्रियाही आधीच समजून घ्यावी.

आकडे काय सांगतात?

परिषदेच्या निकषांनुसार पदवी महाविद्यालयाशी किमान १०० खाटांचे रुग्णालय निगडित असणे सर्वसाधारणपणे अपेक्षित आहे. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आणि प्रात्यक्षिकासाठी एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण, हे प्रमाण धरले जाते. रिकाम्या खाटांवर कोणतेही कौशल्य शिकता येत नाही. म्हणून खाटांच्या संख्येबरोबरच त्यांपैकी किती खाटांवर प्रत्यक्ष रुग्ण असतात आणि त्याच खाटांवर आणखी किती महाविद्यालयांचे विद्यार्थी शिकतात, हेही विचारणे इष्ट.

२०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या सुधारित अभ्यासक्रमाने आठ सत्रांची श्रेयांक पद्धती आणली आणि कौशल्य प्रयोगशाळेवर भर दिला. अखेरच्या सत्रात २२ आठवडे, दर आठवड्याला ४८ तास आंतरवासिता असते. हा काळ शिक्षणाचा आहे. रुग्णालयातील अपुऱ्या मनुष्यबळाची भरपाई म्हणून विद्यार्थी राबविले जात असतील, तर तास पूर्ण होतात, शिक्षण होत नाही. याची खरी माहिती शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांकडून मिळते.

श्रेणी आणि क्रमवारीची मर्यादा

नॅकची श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते. एखाद्या विद्यापीठाची श्रेणी त्याच्या विज्ञान किंवा वाणिज्य शाखेच्या बळावरही उंचावलेली असू शकते. २०१६ पासून जाहीर होणाऱ्या राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीत वैद्यकीय, दंतवैद्यक आणि औषधनिर्माणशास्त्र यांचे स्वतंत्र गट आहेत. नर्सिंगचा मात्र २०२५ पर्यंतच्या क्रमवारीत नव्हता. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी तर राज्यभरातील नर्सिंग महाविद्यालये संलग्न आहेत. परीक्षा एकच, तरी रुग्णकक्ष निरनिराळे. अशा वेळी महाविद्यालयनिहाय निकाल, शिक्षकांच्या नियुक्त्या आणि उत्तीर्ण विद्यार्थ्यांना मिळालेली कामे हीच तुलनेची खरी साधने ठरतात.

ही उणीव दूर करण्याची तरतूद २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोग कायद्यात आहे. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संमत झालेल्या या कायद्यात संस्थांचे मूल्यांकन आणि मानांकन करणारे स्वतंत्र मंडळ अभिप्रेत आहे. त्याच वर्षी केंद्र सरकारने वैद्यकीय महाविद्यालयांच्या जोडीने १५७ नवी नर्सिंग महाविद्यालये उभारण्यास मंजुरी दिली. संख्या वाढत असताना गुणवत्तेची पारख अधिकच निकडीची होते.

प्रवेश घेण्यापूर्वी परिषदेची यादी तपासणे, रुग्णालयाला स्वतः भेट देणे आणि शिकत असलेल्या विद्यार्थ्यांशी बोलणे, या तीन गोष्टींना एक-दोन दिवस पुरतात. चार वर्षांच्या निर्णयासाठी एवढा वेळ काढणे विद्यार्थी आणि पालक या दोघांच्याही हिताचे आहे.